कार्बुरेटर गेला तो कशामुळे?

सरकारी नोकरीच्या निमित्ताने महाराष्ट्राबाहेर दिवस काढणाऱ्या आम्हां मंडळींचा अँबॅसडर मोटारीशी जुना ऋणानुबंध आहे. १९५८ पासून २०१४ पर्यंत ही मोटार कलकत्त्याजवळच्या उत्तरपाडा येथील कारखान्यातून बाहेर पडत होती, आणि त्यांतील पुष्कळ वर्षे राजधानीतल्या कचेऱ्यांपुढे तिच्याच पांढऱ्या रांगा उभ्या असत. अशा जुन्या मोटारींचा कार्बुरेटर काढून त्या जागी इलेक्ट्रॉनिक इंधन-इंजेक्शन बसविण्याचा प्रघात आता जगभरच्या हौशी लोकांत पडला आहे. हे योग्य की अयोग्य, यावर त्यांच्यात मोठा वाद आहे. त्या वादात शिरण्यापूर्वी कार्बुरेटर मुळात गेला कशामुळे, हे पाहणे इष्ट होय.

एक किलो पेट्रोल पुरतेपणी जळावयास सुमारे १४.७ किलो हवा लागते. हे प्रमाण सांभाळणे हे कार्बुरेटरचे काम. फवारा उडविणारा कार्बुरेटर १८९३ च्या सुमारास जर्मनीत विल्हेल्म मायबाख याने, आणि हंगेरीत दोनात बांकी व यानोश चोंका या जोडीने सिद्ध केला. त्याचे तत्त्व सोपे आहे. एंजिन हवा ओढते. वाट जेथे अरुंद होते तेथे हवेचा वेग वाढून तिचा दाब घटतो, आणि त्या घटलेल्या दाबाने पेट्रोल बारीक तोटीतून वर खेचले जाते. ब्रिटनच्या एसयू कंपनीने यात एक सुरेख भर घातली. हवेच्या मानाने एक दट्ट्या वरखाली होई आणि त्याला जोडलेली निमुळती सुई पेट्रोलची वाट कमीअधिक करी. अँबॅसडरवर अनेक वर्षे हाच एसयू कार्बुरेटर होता. त्यास विजेची गरज नव्हती, आणि जाणता मिस्त्री एंजिनाचा नुसता आवाज ऐकून तो जुळवून देत असे. परंतु त्याचे मोजमाप अदमासाचे. दिल्लीस नीट लावलेला कार्बुरेटर सिमल्याच्या विरळ हवेत गरजेपेक्षा जास्त पेट्रोल देऊ लागे, आणि थंडीच्या सकाळी चोक ओढल्यावाचून गाडी हलत नसे.

या अदमासाची उणीव प्रथम आकाशात जाणवली. १९४० साली इंग्लंडवर झालेल्या हवाई युद्धात ब्रिटिश विमानांच्या मर्लिन एंजिनावर एसयूचाच कार्बुरेटर होता. वैमानिकाने विमानाचे नाक एकदम खाली दाबले की कार्बुरेटरमधील पेट्रोल उसळे आणि एंजिन क्षणभर बंद पडे. जर्मन मेसरश्मिट विमानाच्या एंजिनात मात्र पंपाने थेट इंधन सोडले जाई; ते खुशाल सूर मारून निसटे. १९४१ साली बीअट्रिस शिलिंग या अभियंत्री बाईंनी इंधनाच्या वाटेत एक भोकाची लहानशी चकती बसवून ही अडचण पुष्कळ अंशी दूर केली. तथापि त्या वेळच्या ब्रिटिश अभियंत्यांचाही एक मुद्दा खरा होता. कार्बुरेटरात पेट्रोलची वाफ होताना हवा थंड होते, म्हणून एंजिनात ती अधिक मावते आणि शक्ती वाढते. सारांश, निव्वळ शक्तीच्या हिशेबात कार्बुरेटर टाकाऊ ठरला नव्हता.

विजेच्या इंजेक्शनाचा पहिला प्रयोग तर फसलाच. अमेरिकेतील बेंडिक्स कंपनीने १९५७ साली ‘इलेक्ट्रोजेक्टर’ जाहीर केला, आणि १९५८ साली क्रायस्लर कंपनीच्या सुमारे पस्तीस गाड्यांवर तो बसला. त्यातील विजेचे भाग एंजिनाच्या उष्णतेपुढे आणि हादऱ्यांपुढे टिकेनात. अखेर यांतील बहुतेक गाड्यांवर इंजेक्शन काढून पुन्हा कार्बुरेटर चढविण्यात आले. ही गंमत ध्यानात ठेवण्यासारखी आहे. त्या गाड्या कोणी आज मूळ स्वरूपात आणू म्हटले, तर त्यास कार्बुरेटर काढून इंजेक्शनच बसवावे लागेल! बेंडिक्सची कल्पना पुढे जर्मनीच्या बॉश कंपनीने हाती घेतली, आणि १९६७ साली फोक्सवॅगन १६०० या गाडीवर ती यशस्वी करून दाखविली.

तरीही कार्बुरेटर पुढे अनेक वर्षे तग धरून होता. त्याला हलविले ते शहरांच्या हवेने. लॉस एंजेलिसवर पसरणारे तपकिरी धुके मोटारींच्या धुरावर ऊन पडून तयार होते, हे हागेन-स्मिट या शास्त्रज्ञाने १९५० नंतरच्या काही वर्षांत दाखवून दिले. १९७० साली अमेरिकेने कडक कायदा केला. धूर निवळविणारा उत्प्रेरक आला. पण त्यातील तीन प्रकारची विषे एकदम निवळावयाची, तर हवा व पेट्रोल यांचे प्रमाण अगदी काट्यावर राहिले पाहिजे. १९७६ साली व्होल्वोने धुरातील प्राणवायू मोजणारा संवेदक गाडीवर बसविला. धूर पाहून पेट्रोल क्षणोक्षणी कमीअधिक करणे आता शक्य झाले, आणि अदमासाचे दिवस भरले.

आपल्याकडे हेच नाट्य दिल्लीत घडले. एप्रिल १९९५ मध्ये चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल आले, कारण शिशाने उत्प्रेरक निकामी होतो. २९ एप्रिल १९९९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजधानी क्षेत्रासाठी नव्या मोटारींवर आधी युरो-१ व १ एप्रिल २००० पासून युरो-२ ही मानके बंधनकारक केली. मग गाड्यांच्या पाठीवर ‘एमपीएफआय’ ही अक्षरे झळकू लागली, आणि इसुझू एंजिनाच्या अँबॅसडरवरही इंजेक्शन आले. कारखान्यांची तयारी होती वा नव्हती, कागदावरच्या एका तारखेने ती करविली. फायलीवरच्या तारखेचे सामर्थ्य आम्हां मंडळींस निराळे सांगावयास नको.

आता प्रश्न उरतो तो जुन्या मोटारीचा. हे परिवर्तन म्हणजे केवळ एक भाग काढून दुसरा घालणे नव्हे. सुमारे तीन वातावरणे दाबाचा विजेचा पंप लागतो, तो दाब सोसणाऱ्या नळ्या लागतात, जादा पेट्रोल बहुधा टाकीत परत न्यावे लागते, धुराच्या नळीत प्राणवायूचा संवेदक बसवावा लागतो, आणि या साऱ्यांवर देखरेख करणारी एक बंद पेटी. एवढे करूनही उत्प्रेरक जोडला नाही, तर धूर निवळण्याचा मोठा लाभ पदरात पडत नाही. शिवाय २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुन्या मोटारीस ‘व्हिंटेज’ म्हणवून घ्यावयाचे, तर ती मूळ स्वरूपात, मोठा फेरबदल न करता राखलेली असावी लागते.

आमचे मत असे की, जी मोटार रोज शहरात धावावयाची आहे तिच्यावर इंजेक्शन बसविणे गैर नाही. त्या रस्त्यावर श्वास घेणाऱ्यांचा हक्क मालकाच्या हौसेहून मोठा आहे. जी केवळ जतन करावयाची आहे, तिला हात लावू नये. आणि बदल केलाच, तर पत्रा न कापता करावा व काढलेला कार्बुरेटर सुईसकट तेल लावून जपून ठेवावा. बंद पेटी बिघडली तर नवी विकत आणता येते. आवाजावरून मिश्रण ओळखणारे मिस्त्री मात्र दरवर्षी कमी होत आहेत. त्यांच्यापाशी बसून ती विद्या कोणी लिहून घेतली, तर जपलेल्या त्या कार्बुरेटरचा पुढच्या पिढीस काही उपयोग होईल.