ओरंगीची गटारे

शहरांचा इतिहास लिहिताना आपण किल्ले, मशिदी, वेशी आणि बाजारपेठा यांची नोंद घेतो. गटारांची नोंद सहसा कोणी घेत नाही. वास्तविक सामान्य माणसाच्या, विशेषतः लहान मुलांच्या जगण्यामरण्याचा संबंध वेशीपेक्षा गटाराशी अधिक आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आशियातील शहरे झपाट्याने वाढली, परंतु गरिबांच्या वस्त्यांपर्यंत सांडपाण्याची सोय पोचली नाही. या प्रश्नाला कराचीतील ओरंगी या वस्तीने दिलेले उत्तर म्हणजे आपल्या उपखंडाच्या सामाजिक इतिहासातील एक महत्त्वाचे प्रकरण आहे.

1965 च्या सुमारास ओरंगी ही लहानशी वसाहत होती. 1971 च्या युद्धानंतर पूर्व पाकिस्तानातून उखडलेली बिहारी कुटुंबे तेथे मोठ्या संख्येने आली. पठाण, पंजाबी आणि मुहाजिरही आले. दलालांनी सरकारी जमिनीचे तुकडे पाडून विकले. थल्लेवाल्यांनी, म्हणजे सिमेंटच्या विटा पाडून विकणाऱ्यांनी, उधारीवर माल दिला. लोकांनी घरे बांधली, पण मैला आणि सांडपाणी गल्लीतच राहिले. बादलीचे संडास, लवकर भरणारे शोषखड्डे आणि दारासमोर साचलेली घाण, असे तेथील रोजचे जीवन होते.

आगा हसन आबेदी यांच्या विनंतीवरून 1980 मध्ये अख्तर हमीद खान येथे आले. त्यांचा जन्म 1914 मध्ये आग्र्यात झाला. ते आयसीएस अधिकारी होते. 1943 चा बंगालचा दुष्काळ पाहिल्यानंतर त्यांनी ती नोकरी सोडली, अलीगढजवळच्या एका खेड्यात कुलपे बनविण्याचे काम केले, पुढे जामिया मिल्लियात शिकविले. पाकिस्तानात गेल्यावर कोमिल्ला येथील ग्रामविकासाच्या कार्यासाठी त्यांना 1963 चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ओरंगीत आल्यावर त्यांनी कोणतीही योजना जाहीर केली नाही. ते गल्ल्यांतून फिरत राहिले आणि लोकांचे म्हणणे ऐकत राहिले.

त्यांना चार अडथळे दिसले. गटार सरकारने फुकट बांधून द्यावे, हा लोकांचा समज हा पहिला. ठेकेदाराचा दर परवडत नाही, हा दुसरा. काम करण्याचे तंत्र ठाऊक नाही, हा तिसरा. शेजारी एकत्र येत नाहीत, हा चौथा. खानसाहेबांनी आणि वास्तुविशारद आरिफ हसन यांनी चारही अडथळ्यांवर एकाच वेळी काम केले. वीस ते चाळीस घरांची एक गल्ली हा घटक धरला. गल्लीने आपला प्रमुख निवडायचा, पैसे स्वतः गोळा करायचे आणि स्वतःच खर्च करायचे. संस्थेने मोजमाप, आराखडा, अवजारे आणि मेनहोल ओतण्यासाठी लोखंडी साचे पुरविले. पैशाला हात लावला नाही. आराखडे सोपे केले, ठेकेदाराचा नफा आणि टक्केवारी वगळली. त्यामुळे खर्च सरकारी कामाच्या तुलनेत कित्येक पटींनी कमी झाला.

डिसेंबर 1986 मध्ये ओरंगीत भीषण वांशिक हिंसाचार झाला, पण त्यानंतरही गल्ल्यांचे काम चालू राहिले. कालांतराने सुमारे एक लाख घरांना संडास आणि भूमिगत गटार मिळाले.

या प्रयोगाचा एक सोयीस्कर अर्थ लावला जातो. तो असा, की गरिबांनी आपले आपण पाहावे आणि सरकारने हात झटकावेत. खानसाहेबांचे म्हणणे मुळीच तसे नव्हते. घरातील संडास, गल्लीतील गटार आणि त्यांना जोडणारी दुय्यम वाहिनी लोक बांधतील. मुख्य वाहिनी आणि शुद्धीकरण केंद्र हे मात्र सरकारचेच काम आहे. लोकांनी आपला वाटा उचलला. ओरंगीचे सांडपाणी मात्र नाल्यांतून लियारी नदीकडे आणि पुढे समुद्राकडे जात राहिले. अपुरा राहिला तो सरकारचा वाटा.

दुसरा धडा नकाशाचा आहे. ढाक्यात जन्मलेल्या परवीन रहमान 1980 च्या दशकात या कामात आल्या. त्यांनी वस्तीतील तरुणांना मोजणी शिकविली, नाल्यांचे आणि वस्त्यांचे नकाशे तयार करविले. जमीन कोण बळकावतो, पाणी कोण चोरून विकतो, हेही त्यातून पुढे आले. 13 मार्च 2013 रोजी त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. 2021 मध्ये आरोपींना शिक्षा झाली, पण 2022 मध्ये सिंध उच्च न्यायालयाने ती रद्द केली.

नकाशाचे हे बळ मुंबईलाही ठाऊक होते. 1985 मध्ये स्पार्क या संस्थेने भायखळा आणि आसपासच्या फुटपाथवासीयांची मोजणी केली आणि सुमारे सहा हजार कुटुंबे कागदावर आली. त्यातूनच भायखळ्याच्या स्त्रियांची महिला मिलन ही संघटना उभी राहिली. 1988 मध्ये स्थापन झालेल्या आशियाई गृहहक्क आघाडीत कराचीचे आरिफ हसन आणि मुंबईचे जॉकिन अर्पुथम एकत्र काम करू लागले. राजकारणाने सीमा बंद केल्या तरी दोन्ही शहरांतील गरिबांचा प्रश्न एकच होता.

ऑगस्ट 2020 च्या अतिवृष्टीत कराची बुडाली. त्यानंतर 2021 मध्ये गुज्जर आणि ओरंगी नाल्यांच्या काठची हजारो घरे पाडण्यात आली. पुराचा दोष वस्तीवर ठेवला गेला. याच वस्त्यांचे नकाशे मात्र तेथील तरुणांनी कित्येक वर्षे आधीच काढून ठेवले होते.

आपल्या मोहल्ल्यातही निवडणुकीच्या तोंडावर गटाराचे नारळ फुटतात. तेव्हा गल्लीने दोन गोष्टी विचारायला हव्यात. आपल्या गटाराचा नकाशा आपल्याकडे आहे काय? आणि गल्लीच्या तोंडापासून पुढे जाणारी वाहिनी कोण, केव्हा बांधणार? पहिल्याचे उत्तर आपण द्यायचे आहे, दुसऱ्याचे महापालिकेने. ओरंगीने आपल्या वाट्याचे उत्तर देऊन पुष्कळ वर्षे झाली.