विडीचा करार, महारांची जात आणि भंडाऱ्याच्या दोन जागा

आजचा गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी जन्माला आला. त्यापूर्वी हा सारा मुलूख भंडारा जिल्ह्यात मोडत असे आणि १९५६ पर्यंत तो नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेश राज्यात होता. म्हणून गोंदियाच्या निवडणुकांचा इतिहास पाहावयाचा झाल्यास भंडारा मतदारसंघाचीच कागदपत्रे उघडावी लागतात. आणि तो संसार मोठा मनोरंजक आहे.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत भंडारा हा दोन सभासदांचा मतदारसंघ होता. एक जागा सर्वसाधारण, दुसरी अनुसूचित जातींसाठी राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते. मात्र ती दोन्ही एकाच उमेदवाराच्या पेटीत टाकण्यास मनाई. १९५२ साली काँग्रेसचे चतुर्भुज जसाणी व तुलाराम साखरे निवडून आले. पण मोरेश्वर पराशराम नावाच्या एका मतदाराने अर्ज केला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले.

तक्रारी दोन होत्या. पहिली विडीची. ह्या भागातील जंगलात तेंदूपान मुबलक, गोंदिया हे रेल्वेचे जंक्शन. त्यामुळे विडीच्या धंद्याने येथे शहरे पोसली आणि खेड्यांतील हजारो हातांना काम दिले. जसाणी हे मूलजी सिक्का ह्या विडीच्या पेढीचे भागीदार होते आणि ही पेढी सैनिकांच्या कँटीनसाठी सरकारला विड्या पुरवीत असे. सरकारशी माल पुरविण्याचा करार असणाऱ्यास कायद्याने निवडणुकीला उभे राहता येत नव्हते. करार राष्ट्रपतींच्या नावाने विधिपूर्वक लिहिलेला नाही, सबब तो करारच नव्हे, असा बचाव झाला. न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी तो मानला नाही. रोजचा सरकारी व्यवहार अशा साध्या पत्रांवरच चालतो, हे ध्यानात घेता हा निर्णय व्यवहाराला धरूनच होता.

दुसरी तक्रार अधिक खोल जाणारी आहे. गंगाराम ठवरे यांचा राखीव जागेसाठीचा अर्ज फेटाळण्यात आला होता. कारण काय? त्यांनी महानुभाव पंथ स्वीकारला, त्या पंथाला जातिभेद मान्य नाही, म्हणून ते आता महार राहिले नाहीत! चक्रधरांचा हा पंथ विदर्भाला तेराव्या शतकापासून परिचित. त्याच्या तत्त्वज्ञानाचा आधार घेऊन एका माणसाची उमेदवारी काढून घेतली जाईल, असे कोणाच्या स्वप्नातही आले नसेल. न्यायालयाने पाहिले ते तत्त्व नव्हे, वर्तन. जुनी जात त्याला आपला समजते काय, त्याची स्वतःची इच्छा काय, नवा पंथ त्याला जात टाकावयास लावतो काय? तिन्ही कसोट्यांवर ठवरे महारच ठरले. फेब्रुवारी १९५४ मध्ये भंडाऱ्याची सबंध निवडणूक रद्द झाली आणि एका फटक्यात दोन्ही जागा मोकळ्या झाल्या.

त्यांपैकी राखीव जागेसाठी मे १९५४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. १९५२ मध्ये मुंबईत काजरोळकरांनी त्यांचा पराभव केला होता. बाबासाहेब त्या वेळेपासून राज्यसभेत होते, परंतु लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहात जाण्याची इच्छा मावळली नव्हती. सर्वसाधारण जागेवर प्रजासमाजवादी पक्षाचे अशोक मेहता होते. निकाल लागला तो विचार करावयास लावणारा. मेहता विजयी झाले. बाबासाहेब मात्र काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून सुमारे आठ हजार मतांनी पडले. एकच मतदारवर्ग, एकच दिवस. सर्वसाधारण जागेवर त्याने काँग्रेसला नाकारले आणि राखीव जागेवर स्वीकारले. ज्यांनी पहिले मत मेहतांना दिले त्यांच्यापैकी पुष्कळांचा हात दुसऱ्या मताच्या वेळी बाबासाहेबांच्या पेटीपर्यंत गेला नाही, असेच अनुमान निघते. राखीव जागा दलितांची, पण तिचा निकाल सर्वांच्या मतांनी लागावयाचा. ह्या व्यवस्थेविषयी १९३२ च्या पुणे करारापासून बाबासाहेबांच्या मनात असलेली शंका त्यांच्याच वाट्याला पुन्हा आली.

पुढे बोरकर वारले आणि १९५५ मध्ये त्यांच्या पत्नी अनसूयाबाई निवडून आल्या. १९५७ ची सार्वत्रिक निवडणूक धरली तर पाच वर्षांत ह्या मतदारांनी चार वेळा मतपेटी पाहिली. द्विसदस्य मतदारसंघाची पद्धत १९६१ मध्ये मोडली. १९६२ साली गोंदिया हा स्वतंत्र राखीव मतदारसंघ झाला आणि तेथून बाळकृष्ण वासनिक लोकसभेत गेले.

पण ठवऱ्यांचा प्रश्न तिथे संपला नव्हता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपुरात बौद्ध धम्म स्वीकारला. पूर्व विदर्भातील महार समाज मोठ्या संख्येने त्यांच्यामागे गेला. महानुभाव झालेला महार हा महारच, असा निर्वाळा न्यायालयाने दिला होता. बौद्ध झालेल्याची गोष्ट वेगळी पडली, कारण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जात हिंदूंपुरती बांधून ठेवली होती. शिखांना त्यात १९५६ मध्ये पूर्ण प्रवेश मिळाला, बौद्धांना १९९० मध्ये. ज्या जागेसाठी बाबासाहेब स्वतः लढले, ती जागा त्यांच्या वाटेने जाणाऱ्या बौद्धांना मधली चौतीस वर्षे लढविता आली नाही.