जाळीचं पान

मुलीला ड्रम शिकायचेत आणि आम्ही राहतो तिसऱ्या मजल्यावर! म्हणून इलेक्ट्रॉनिक किट घ्यायचं ठरलं. दुकानदार 'साउंड किती' एवढंच सांगत होता. घरी येऊन मी जरा इतिहास चाळला.

१९८१ साली इंग्लंडमध्ये सिमन्सचा एसडीएस-५ आला. षटकोनी पॅड, नवाच आवाज. ऐंशीच्या दशकातल्या पॉप संगीतात तो गाजला. पण पॅड पॉलिकार्बोनेटचे, टेबलासारखे कडक. वाजवणाऱ्यांची मनगटं दुखायला लागली.

१९८५ साली आला रोलँडचा पहिला ऑक्टापॅड, पॅड-८. आपल्या ऑर्केस्ट्रांनी पुढे ऑक्टापॅड इतका आपलासा केला, की तो परका वाटतच नाही. गंमत म्हणजे या पॅड-८ ला स्वतःचा आवाजच नव्हता! टोला इथे, आवाज मिडीच्या वायरीने जोडलेल्या दुसऱ्या यंत्रात.

मनगटांची दाद लागायला १९९७ उजाडलं. रोलँडने रेमो कंपनीच्या साथीने टीडी-१० किटला जाळीचं पान बसवलं. ते खऱ्या पानासारखं ताणता येतं, काठी उसळते, आणि टोल्याचा आवाजही कमी होतो.

मग माझं उत्तर मिळालं. रेकॉर्डिंग करताना टोले मिडीत साठवले, तर आवाज नंतर कॉम्प्युटरवर कितीदाही बदलता येतो. मनगट बदलता येत नाही. म्हणून साउंड कमी असलेलं, पण जाळीच्या पानांचं किट घेतलं.

आता पेडलची धमक खालच्या मजल्यावर जाते, म्हणून खाली जाड रबरी मॅट घातली आहे. खालच्या काकूंना विचारायचं मात्र अजून धाडस झालेलं नाही...