नाकाचा कौल आणि आकड्यांचा हिशेब

१/७
एकोणिसाव्या शतकातील लंडनमध्ये कॉलऱ्याचा धोका कोठे अधिक, हे कोण ठरवीत असे? नाक! जेथे दुर्गंधी तेथे रोग, अशी डॉक्टरांची, अधिकाऱ्यांची आणि सामान्य जनांचीही धारणा होती.

२/७
ही समजूत निव्वळ अडाणीपणाची नव्हती. गलिच्छ वस्त्यांत माणसे खरोखरच अधिक मरत होती. परंतु दुर्गंधी ही रोगाची सोबतीण होती, जननी नव्हे. जे इंद्रियांना ठळकपणे जाणवते, तेच मनाला अधिक संभवनीय वाटते.

३/७
१८५४ मध्ये सोहो भागातील ब्रॉड स्ट्रीटवर साथ भडकली. तेथून दूर, मोकळ्या हवेच्या हॅम्पस्टेडमध्ये एक ५९ वर्षांची विधवाही कॉलऱ्याने दगावली. डॉ. जॉन स्नो यांनी चौकशी केली. ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचे पाणी तिला आवडे, म्हणून ती ते मुद्दाम मागवून पीत असे. नाकाप्रमाणे जिभेनेही दगा दिला होता.

४/७
दक्षिण लंडनमध्ये दोन कंपन्यांचे नळ एकाच रस्त्यावर, शेजारशेजारच्या घरांत जात. हवा तीच, दुर्गंधीही तीच. मात्र लॅम्बेथ कंपनी १८५२ पासून थेम्सच्या वरच्या, स्वच्छ प्रवाहातून पाणी घेई; साउथवार्क अँड व्हॉक्सहॉल कंपनी बॅटरसीजवळच्या मलिन पात्रातून. पाणी कोणाचे, हे अनेक घरमालकांनाही ठाऊक नसे. स्नो यांनी सिल्व्हर नायट्रेटने पाण्यातील मीठ तपासून ते ओळखले.

५/७
मग त्यांनी मृत्यू मोजले. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत दर १०,००० घरांमागे साउथवार्क अँड व्हॉक्सहॉलच्या ग्राहकांत ३१५ मृत्यू, लॅम्बेथच्या ग्राहकांत ३७. जो फरक कोणत्याही नाकाला कळला नसता, तो मोजणीने उघड केला.

६/७
तरीही १८५५ मध्ये सरकारी आरोग्य मंडळाच्या समितीने स्नो यांचे म्हणणे स्वीकारले नाही. जून १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्सची दुर्गंधी थेट संसदेत शिरली, तेव्हा मात्र सूत्रे भराभर हलली आणि ऑगस्टमध्ये कायदा झाला. त्याच जूनमध्ये, वयाच्या ४५ व्या वर्षी, स्नो यांचे निधन झाले.

७/७
जोसेफ बॅझलगेट यांची भुयारी गटारे बांधली गेली ती मुख्यतः दुर्गंधी हटवण्यासाठी. पण त्यांनी नदीच्या पाण्यातील घाणही दूर नेली. १८६६ ची साथ उसळली ती प्रामुख्याने पूर्व लंडनमध्ये, जेथे हे काम अपुरे होते. या वेळी सांख्यिकीतज्ज्ञ विल्यम फार यांनी पाण्याकडे बोट दाखवले. कधीकाळी तेही दूषित हवेलाच दोष देत असत. त्यांचे मत पालटले ते आकड्यांमुळे.