छिद्रपत्रापासून एडिटरपर्यंत : चुकीच्या किमतीचा इतिहास

पायथॉन या संगणकभाषेत ‘भुईगाव’ या शब्दाची लांबी विचारली, तर उत्तर येते ६. वसई तालुक्यातील या गावाचे नाव वाचणारा माणूस मात्र भु, ई, गा, व अशी ४ अक्षरे मोजतो. युनिकोडमध्ये भ आणि उकार, ग आणि काना यांची स्वतंत्र नोंद होते, म्हणून यंत्राचा हिशेब वेगळा. मराठी मजकूर हाताळणाऱ्या आज्ञावलीत हा फरक ध्यानात घेतला नाही, तर शब्द भलत्या जागी तुटतात, काने-मात्रा गळतात. आज तो कळायला एक ओळ पुरते. एडिटरमध्येच ती लिहावी, तेवढीच चालवून पाहावी आणि मगच मोठ्या आज्ञावलीत घ्यावी. ही सोय साधी वाटते. पण तिच्यामागे चुकीची किंमत हळूहळू कमी होत गेल्याचा इतिहास आहे.

त्या इतिहासाचा एक धागा मुंबईतून जातो. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांधलेला संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. त्याची स्मृती अवघ्या २,०४८ शब्दांची होती. १९६४ मध्ये तिथे सीडीसी ३६०० हा मोठा अमेरिकी संगणक आला आणि देशभरातील संशोधक त्यावर आपली गणिते सोडवून घेऊ लागले.

त्या काळची पद्धत अशी : आज्ञावली आधी कागदावर लिहायची, मग एका ओळीला एक याप्रमाणे छिद्रपत्रे पाडून घ्यायची. पत्रांचा गठ्ठा खिडकीवर द्यायचा आणि आपली पाळी येऊन छापील निकाल हाती पडेपर्यंत थांबायचे. एखादा स्वल्पविराम राहिला असेल, तर तेवढे कळण्यासाठीही हीच फेरी. यंत्राचा वेळ मौल्यवान, माणसाचा स्वस्त, असा तो व्यवहार होता. म्हणून प्रत्येक ओळ आधी हातानेच पडताळून पाहण्याची शिस्त लागली. पण ‘असे केले तर काय होईल?’ एवढाच किरकोळ प्रश्न यंत्राला विचारण्याची सोय नव्हती.

योगायोग असा, की १९६४ मध्येच, १ मे रोजी, अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात केमेनी आणि कुर्ट्झ यांची बेसिक ही भाषा प्रथम चालली. एकाच संगणकाचा वेळ अनेकांत वाटून देण्याच्या तंत्रामुळे विद्यार्थी टंकयंत्रासमोर बसून थेट उत्तर मिळवू लागले. मुंबईतही सत्तरच्या दशकात राष्ट्रीय सॉफ्टवेअर विकास व संगणन तंत्र केंद्रात डेक-१० या संगणकाबरोबर वेळवाटपाची ही पद्धत आली.

तरीही लिहिण्याची जागा आणि चालवून पाहण्याची जागा बहुधा वेगळीच राही. ही भिंत पाडली ती झेरॉक्सच्या पालो आल्टो केंद्रातील स्मॉलटॉकने. तिथे पडद्यावरचा कोणताही मजकूर निवडून जागच्या जागी चालवता येई. १९८५ च्या ग्नू ईमॅक्स या एडिटरमध्ये कच्च्या कामासाठी ‘स्क्रॅच’ नावाचे पानच होते. पुढे २००१ मध्ये आयपायथॉन आणि २०१४ मध्ये ज्युपिटर आले. मजकूर, आज्ञा आणि उत्तर एका वहीत नांदू लागले. आज आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पातून मराठीतही असे धडे ऐकता येतात.

चूक स्वस्त झाल्याने शिकणाऱ्याची भीड चेपली, हा या प्रवासाचा मोठा लाभ. मात्र कागदावर आधी विचार करण्याची सवय सुटली, तर तो नफा टिकत नाही. तुकडा चालला म्हणजे आज्ञावली बरोबर ठरत नाही. यंत्र विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते. ‘भुईगाव’साठी ते बिनचूक ६ सांगेल. आपल्याला ४ हवे होते, हे मात्र मराठी वाचता येणाऱ्यालाच कळेल.