भीतीला तिचा वाचक कसा सापडतो? पिवळ्या कव्हरपासून ऑटोप्लेपर्यंत

हेडफोन लावलेत ना? आज आपण अंधाराबद्दल बोलणार आहोत. म्हणजे थ्रिलर, गूढकथा, भयकथा, मर्डर मिस्ट्री वगैरे. यातलं चांगलं काय, वाईट काय, हा वाद आज नको. आजचा प्रश्न साधा आहे: कुठली अंधारी गोष्ट कुणाला द्यायची, हे ठरतं कसं? आणि गेल्या शंभर वर्षांत ते कुणी कुणी ठरवलं?

सुरुवात ओळखीच्या नावापासून करू. 12 ऑक्टोबर 2018 ला राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' थिएटरात आला. ज्यांनी पाहिला ते हादरले, पण गर्दी काही झाली नाही. 13 सप्टेंबर 2024 ला तोच सिनेमा पुन्हा लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई करून गेला. गोष्ट तीच, पाऊस तोच, हस्तरही तोच. मग बदललं काय? मधल्या सहा वर्षांत तो मोबाईलवर पोचला आणि एकानं दुसऱ्याला, दुसऱ्यानं तिसऱ्याला सांगितलं, की हा बघच. म्हणजे सिनेमा होताच, त्याचा प्रेक्षक त्याला उशिरा सापडला.

पुस्तकांचंही अगदी असंच होतं. आणि यावर उपाय शोधायचा पहिला मोठा प्रयत्न झाला तो रंगानं.

रंग बघून घ्या

1929 साली इटलीत मोंदादोरी या प्रकाशकानं रहस्यकथांची एक माला काढली. कव्हर पिवळं. दुकानात लांबून पिवळं दिसलं की गिऱ्हाइकाला कळायचं, आत खून आहे. ही युक्ती इतकी चालली की इटालियन भाषेत 'जाल्लो', म्हणजे 'पिवळा', हा रहस्यकथेसाठीचा शब्दच होऊन बसला. आजही तिथे कुणी म्हणालं की मी एक पिवळं वाचतोय, तर समोरच्याला बरोब्बर कळतं.

1935 मध्ये इंग्लंडात पेंग्विननं स्वस्त पेपरबॅक काढले. कादंबरी नारिंगी, चरित्र निळं आणि गुन्हेकथा हिरवी. पहिल्या दहा पुस्तकांतच अगाथा ख्रिस्ती आणि डोरोथी सेयर्स यांची हिरवी पुस्तकं होती. वाचकाचा वेळ वाचला, दुकानदाराचाही वाचला.

पण रंगाची एक अडचण आहे. तो तुम्हाला कपाटापर्यंत नेतो, पुढे काय ते सांगत नाही. ख्रिस्तीबाईंचा खून बहुतेक वेळा एखाद्या बंगल्यात होतो, रक्त फारसं दिसत नाही आणि शेवटी सगळं नीट उलगडतं. त्याच काळात अमेरिकेत डॅशिएल हॅमेट लिहीत होता. त्याच्या शहरात पोलीस विकले गेलेले असतात आणि खुनी सापडला तरी शहर तसंच सडलेलं राहतं. दोन्हीकडे खून आहे. पण एक वाचून माणूस शांत झोपतो, दुसरं वाचून उठून बसतो.

हा फरक सगळ्यात स्पष्ट बोलून दाखवला तो फ्रान्सनं. 1945 मध्ये मार्सेल ड्युआमेल यांनी गालिमार प्रकाशनात 'सेरी न्वार', म्हणजे काळी माला, सुरू केली. 1948 मध्ये त्यांनी वाचकांसाठी एक छोटा मजकूर लिहिला. आपलं पुस्तक विकायचं सोडून ते त्यात चक्क सावध करतात! त्यांच्या म्हणण्याचा मतलब असा: ही पुस्तकं सरसकट कुणाच्याही हातात देण्यासारखी नाहीत. ज्याला शेरलॉक होम्ससारखं कोडं हवंय त्याची इथे निराशा होईल. इथे डिटेक्टिव्हला दर वेळी उत्तर सापडतंच असं नाही, कधी कोडंच नसतं, आणि कधी कधी तर डिटेक्टिव्हसुद्धा नसतो.

यात 'हे वाईट आहे, वाचू नका' असा सूर कुठेच नाही. काय मिळेल आणि काय मिळणार नाही, एवढंच सांगितलंय. निवड वाचकावर सोडली.

बंदी घाला

दुसरा प्रयत्न उलट्या दिशेनं झाला. अमेरिकेत 1950 च्या सुमारास ईसी कॉमिक्स नावाची कंपनी भयानक कॉमिक्स काढायची. कुजलेली प्रेतं, सूड, कबरीतून बाहेर येणारे हात. पोरं वेड्यासारखी वाचायची. 1954 मध्ये फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञांचं एक पुस्तक आलं. कॉमिक्समुळे मुलं गुन्हेगार होतात, असा त्यांचा दावा होता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सिनेटच्या उपसमितीसमोर सुनावणी झाली. प्रकाशक घाबरले आणि त्यांनी स्वतःच 'कॉमिक्स कोड' बनवला. नियम ऐका: मासिकाच्या नावात 'हॉरर' किंवा 'टेरर' हा शब्द नको. कव्हरवर 'क्राइम' हा शब्द बाकीच्या शब्दांपेक्षा फार मोठा दिसता कामा नये. अक्षरांच्या मापापर्यंत गोष्ट गेली! ईसीची भयकॉमिक्स बंद पडली.

ही लाट आपल्याकडेही आली बरं का. 1955 मध्ये ब्रिटननं मुलांना अपायकारक प्रकाशनांविरुद्ध कायदा केला आणि 1956 मध्ये भारताच्या संसदेनंही तसाच एक कायदा केला. गुन्हे, हिंसा, क्रौर्य किंवा किळसवाण्या, भयंकर घटनांनी भरलेल्या ज्या गोष्टी तरुणांना बिघडवतील, त्या विकणं तर गुन्हाच, पण भाड्यानं देणंसुद्धा गुन्हा. आणि 'तरुण' म्हणजे कोण? वीस वर्षांखालचे सगळे. म्हणजे कायद्याच्या नजरेत आठ वर्षांचा मुलगा आणि कॉलेजात शिकणारी एकोणीस वर्षांची मुलगी एकाच रांगेत.

इथेच बंदीची गोची आहे. काळजी खोटी नसते. लहान मुलाच्या हाती नको ते पुस्तक पडलं तर त्याला खरंच त्रास होतो. पण बंदी फक्त वय बघते, माणूस बघत नाही.

पुढे काय झालं? 2012 मध्ये कॅरल टिली या ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासिकेनं वर्थम यांची मूळ कागदपत्रं तपासली. मुलांची बोलणी त्यांनी सोयीप्रमाणे बदलली, जोडली, गाळली होती, असं त्यांना आढळलं. त्याच्या एकच वर्ष आधी, 2011 मध्ये, शेवटच्या दोन प्रकाशकांनीही कॉमिक्स कोड सोडून दिला होता.

आणि आता गंमत बघा. ती ईसी कॉमिक्स वाचून वाढलेला एक मुलगा होता, स्टीफन किंग. मोठा होऊन तो भयकथांचा बादशहा झाला. 1982 मध्ये त्यानं 'क्रीपशो' हा सिनेमा लिहिला तो त्याच कॉमिक्सना सलाम म्हणून. त्याची एक कथा आहे, एक मुलगा आणि त्याची भयंकर आजी यांची. ती कथा आपल्या नारायण धारप यांनी मराठी मातीत आणली. 1993 मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात राही बर्वे यांना त्यांच्या मित्रानं धारपांची कथा सांगितली आणि ती त्यांच्या डोक्यातून कधी गेलीच नाही. पुढे 'तुंबाड'मधली आजी आली ती धारपांच्या याच कथेतून.

म्हणजे सिनेटच्या सुनावणीनं एक दार लावलं, पण भीती खिडकीतून निघाली आणि कोकणात येऊन पोचली. शेवटच्या टप्प्यात ती पोचली कशी, तेही लक्षात ठेवा. एका माणसानं दुसऱ्या माणसाला, योग्य जागी, योग्य वेळी सांगितली म्हणून.

आधी विचारा

तिसरा रस्ता हाच आहे, आणि त्याचा पाया एका भारतीय माणसानं घातला. एस. आर. रंगनाथन मद्रासमध्ये गणित शिकवायचे. 1924 मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. 1931 मध्ये त्यांनी ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. त्यातला दुसरा नियम असा की प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे. तिसरा असा की प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. आणि चौथा, वाचकाचा वेळ वाचवा. यात चांगलं पुस्तक, वाईट पुस्तक हा शब्दच नाही. पुस्तक पडून राहिलं तर चूक शोधायची ती जुळवणीत.

1989 मध्ये शिकागोजवळच्या एका सार्वजनिक वाचनालयातल्या जॉइस सॅरिक्स यांनी, नॅन्सी ब्राउन यांच्यासोबत, ही जुळवणी करायची रीत लिहून काढली. वाचकाला 'कुठला प्रकार आवडतो' हे विचारून फार काही हाती लागत नाही. 'मागचं आवडलेलं पुस्तक कसं होतं ते सांगा' असं म्हटलं की माणूस बोलायला लागतो. मग तुम्ही चार गोष्टी ऐकायच्या. वेग कसा होता? माणसं कशी होती? कथानक कशाभोवती फिरत होतं? आणि वातावरण कसं होतं? एकीला पळापळ आवडलेली असते, दुसऱ्याला पावसातला वाडा. दोघंही म्हणतात, मला थ्रिलर आवडतं!

हे मराठी कपाटाला लावून बघू.

बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड, धनंजय हे त्यांचे नायक. इथे वेग आहे आणि नायकावरचा भरवसा आहे. ज्याला लोकलमध्ये अर्ध्या तासात दुसऱ्या जगात जायचंय, त्याच्यासाठी हे. सुहास शिरवळकर यांचे मंदार पटवर्धन, अमर विश्वास, दारा बुलंदही याच रस्त्यावरचे, पण बोलणं कॉलेजच्या कट्ट्यावरचं.

धारपांकडे भीती आहे, पण त्यांच्या समर्थ-कथांमध्ये वाईटाशी लढणारा एक जाणता माणूस असतो. घाबरायचंय पण हात धरायला कुणी तरी हवंय, अशा नव्या वाचकानं इथून सुरुवात करावी. 'लुचाई' मग नंतर. ती किंगच्या पिशाच्चकथेवरून घेतलेली आहे आणि तिथे अख्ख्या गावावर सावट येतं.

रत्नाकर मतकरी यांची गोष्ट तर आणखी मजेची. मुलांसाठी 'अलबत्या गलबत्या' लिहिणारे तेच आणि मोठ्यांची झोप उडवणाऱ्या गूढकथा लिहिणारेही तेच. नाटकातल्या चेटकिणीला बघून पोरं किंचाळतात आणि हसतात. गूढकथेत मात्र भूत बहुतेक वेळा घरातल्याच माणसाच्या मनात असतं. त्यामुळे फक्त लेखकाचं नाव बघून पुस्तक उचलून दिलं तर पंचाईत! आजच्यांपैकी हृषीकेश गुप्ते यांचं 'अंधारवारी' त्याला द्या, ज्याला हळूहळू गडद होत जाणारं वातावरण हवंय.

आणि ऑटोप्लेचं काय?

आता हे काम अ‍ॅप करतं. तुम्ही एक मर्डर मिस्ट्री ऐकून संपवली की पुढची दहा हजर. अ‍ॅपला कळतं की तुम्ही शेवटपर्यंत ऐकलं. का ऐकलं ते कळत नाही. आवाज आवडला म्हणून? कोडं सुटावं म्हणून? की झोप येत नव्हती म्हणून? ज्या मुलीची आई दवाखान्यात आहे, तिला आजारपणाची भयकथा त्या आठवड्यात नको असते. पुढच्या वर्षी कदाचित तीच कथा तिला आधार देईल. हे अ‍ॅपला दिसत नाही. मैत्रिणीला दिसतं.

नुकसान दोन्हीकडून होतं. चुकीच्या वेळी चुकीची गोष्ट मिळाली की एक तर माणूस उगाच दुखावतो, नाही तर 'हे आपल्याला झेपत नाही' म्हणून पूर्ण कपाटाकडेच पाठ फिरवतो. पहिल्याच प्रयत्नात कुणी तरी भलतंच हातात दिलं म्हणून रहस्यकथा सोडलेले कितीतरी जण तुमच्याही ओळखीत असतील.

म्हणून पुढच्या वेळी ग्रुपवर कुणी विचारलं की 'काही तरी डार्क सांग ना', तर लगेच लिंक टाकू नका. तीन प्रश्न विचारा. मागचं कुठलं आवडलं आणि त्यातलं काय आवडलं? शेवट सुटलेला हवा की टांगलेला चालेल? आणि सध्या काय नको आहे? तिसऱ्या प्रश्नाचं कारण मात्र विचारू नका. उत्तर मिळालं की एकच नाव सुचवा, दहा नकोत. आणि ड्युआमेलसाहेबांसारखं आधीच सांगून टाका की यात काय मिळेल आणि काय नाही.

तुमच्या कुठल्या मित्राला कुठली अंधारी गोष्ट बरोब्बर लागू पडली, ते आम्हाला जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, वाचत राहा आणि दिवा चालू ठेवायचा की बंद, ते तुमचं तुम्ही ठरवा!