वर्षासहल, भातखाचरांची

मुंबईत गिरगाव, दादर, परळ, लालबाग येथील चाळी, मंडळे व कचेऱ्यांतील मंडळी पावसाळ्यात सह्याद्रीच्या कुशीतली भातशेती पाहण्यासाठी काढतात ती एक दिवसाची वा एका मुक्कामाची सामूहिक सहल. हंगाम जुलै ते सप्टेंबर. कर्जत, मुरबाड व शहापूर तालुके, तसेच घाटावरील इगतपुरी व भंडारदरा ही नेहमीची ठिकाणे. आषाढ अमावास्येच्या आधीच्या रविवारी गर्दी फार असते.

मार्ग : कल्याणपुढील एक लोहमार्ग १८६१ मध्ये कसाऱ्याला व १८६५ मध्ये थळ घाट चढून इगतपुरीला पोचला, दुसरा १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत गेला आणि १८६३ मध्ये बोरघाट खुला झाला. दख्खनचा कापूस बंदरात आणण्याच्या निकडीतून हे घाट फोडले गेले; सहलीला वाट आयती मिळाली. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून कर्जत १०० व कसारा १२१ किमी. आहे. लहान गट दादरहून पहाटेची लोकल धरतो. मुरबाड व माळशेजकडे रेल्वे नसल्याने वर्गणी काढून एस.टी.ची गाडी प्रासंगिक करारावर घेतात.

खाचर : डोंगराच्या तीव्र उतारावरील वरकस जमिनीत नाचणी व वरी होते. उतार मंदावतो तेथे दगडमातीचे बांध घालून सपाट तुकडे केलेले असतात. बांधाला पाडलेल्या वाटेने वरच्या खाचरातले पाणी खालच्यात उतरते. दक्षिण चीनमधील युन्नान प्रांतात हानी लोकांची भातपायऱ्यांची शेती (जागतिक वारसा, २०१३) माथ्यावर राखलेल्या जंगलातून पाझरणाऱ्या पाण्यावर चालते व बरीचशी वर्षभर भरलेली राहते. सह्याद्रीत बहुतेक खाचरे निव्वळ पावसावर अवलंबून असल्याने जलमय पायऱ्यांचे दृश्य चिखलणीपासून काही आठवडेच टिकते. बांध दरवर्षी डागडुजी मागतो. एक फुटला तर वरचे पाणी खालच्या रोपांवर येते; म्हणून ओल्या बांधावरून रांगेने चालणे टाळावे.

राब : रोपवाटिकेच्या जागेवर उन्हाळ्यात शेण, पालापाचोळा व टहाळ पसरून जाळतात. तणाचे बी मरते, राख मिळते आणि भुसभुशीत मातीतून रोपे मुळांसकट सहज उपटतात. टहाळासाठी ऐनाच्या फांद्या छाटण्यावरून ठाणे व कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांतील शेतकरी आणि वनखाते यांच्यात दीर्घ वाद झाला. मुंबई वन आयोगाच्या १८८७ च्या अहवालात तो विस्ताराने आला आहे. राबाने जमिनीचा कस जातो की राहतो, याविषयी मते भिन्न आहेत. भातलागवडीच्या चारसूत्री पद्धतीत राब न जाळता रोपवाटिकेत भाताच्या तुसाची राख मिसळतात.

लावणी : साधारण तीन आठवड्यांची रोपे मुठी बांधून चिखलात टाकतात. मुठीतली दोनतीन रोपे अंगठा व दोन बोटांत धरून उथळ खोचायची आणि पाऊल मागे घ्यायचे. हौसेने चिखलात उतरलेले सहलकर रोप खोल दाबतात. अशा रोपाला फुटवे कमी येतात. कर्जत भागात हे काम मोठ्या प्रमाणावर ठाकर व कातकरी स्त्रिया करतात. सहलीच्या छायाचित्रांत त्या दिसतात, वर्णनांत मात्र त्यांच्या मजुरीचा उल्लेखही नसतो. ही उणीव गंभीर आहे. नेरळच्या सगुणा बागेत विकसित झालेल्या सगुणा राइस तंत्रात गादीवाफ्यावर थेट बी टोकतात, चिखलणी व लावणी दोन्ही वगळतात. त्याचा प्रसार वाढल्यास शेतकऱ्याची कंबर वाचेल, सहलीचे परिचित दृश्य मात्र बदलेल.

वाण : ‘कर्जत-३’, ‘कर्जत-१८४’ इत्यादी. कर्जतचे संशोधन केंद्र दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे आहे.

गिरणगाव : परळ-लालबागच्या कापडगिरण्यांतील पुष्कळ कामगार रत्नागिरी, सिंधुदुर्ग व साताऱ्याकडचे होते. १८ जानेवारी १९८२ पासूनच्या गिरणी संपात अनेक कुटुंबे गावी परतली. या वस्तीतल्या जुन्या पिढीने लावणी स्वतः केलेली आहे. खाचराकाठी त्यांना बोलते केल्यास सहलीचे मोल वाढते.

खानपान : कर्जत स्थानकावरील वडा प्रसिद्ध.

निर्बंध : दुर्घटना टाळण्यासाठी जिल्हा प्रशासन पावसाळ्यात निवडक धबधबे व धरणांच्या परिसरात मनाईहुकूम काढते. ठिकाणे व मुदत दरवर्षी बदलतात.